दोघांनी घालायची घडी

मी एमएस्सी केमिस्ट्री आहे आणि अठरा वर्षं मी परक्यांचे कपडे धुतले. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहितेय, कारण आमच्या घरच्यांनी ते इतक्या वर्षांत कुणासमोर उच्चारलेलं नाही. सांगलीला आत्या विचारायची, ‘शुभा काय करते गं तिकडे?’ तर आई सांगायची, ‘रिसॉर्टमध्ये मोठ्या पोस्टवर आहे.’ इकडे अमेरिकेत कुणाच्या घरी जेवायला गेलो की नवरा ‘शी इज इन हॉस्पिटॅलिटी’ म्हणायचा आणि पटकन विषय क्रिकेटवर न्यायचा. आता मी निवृत्त झालेय, तेव्हा लपवायचं कारण उरलेलं नाही. खरं म्हणजे ते आधीही नव्हतं, पण घरात शांतता हवी असते.

ही नोकरी मी ‘दुसरं काही मिळेपर्यंत’ म्हणून धरली होती. नवऱ्याची कॅरी शहरातली नोकरी गेली, तेव्हा स्वस्ताई बघून आम्ही समुद्राकाठच्या एका गावात राहायला आलो. त्याला घरून करायचं काम मिळालं आणि मला घरातून बाहेर पडायला काहीतरी हवं होतं. पुढे दोनदा मला दुसरं काम मिळतही होतं. पण तोवर लाँड्रीची गोडी लागली होती, आणि एकदा हाताला एखादी गोष्ट नीट जमायला लागली की ती सोडवत नाही.

ज्यांनी असली जागा पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या रिसॉर्टमध्ये दोन लाँड्र्या. मागच्या बाजूला रिसॉर्टच्या चादरी-टॉवेलांची, तिथली यंत्रं खोलीएवढी. आणि पुढे, पोहण्याच्या तलावाच्या बाजूला, पाहुण्यांनी स्वतःचे कपडे स्वतः धुवावेत म्हणून केलेली छोटी. तिथे दहा वॉशर, दहा ड्रायर, कपडे घडी करायला दोन लांब टेबलं, एक इस्त्री आणि मी. आमच्याकडे दोन दिवसांचे पाहुणे कमी. स्वयंपाकघर असलेले व्हिला होते, माणसं तीन-तीन, चार-चार आठवडे राहायची. सुट्टीवर आलेल्या माणसाला पहिले तीन दिवस वाटतं की कपडे ही आपोआप स्वच्छ होणारी गोष्ट आहे. चौथ्या दिवशी तो उशीच्या अभ्र्यात कपडे कोंबून माझ्या दारात उभा असायचा.

आल्या आल्या तो एकच प्रश्न विचारायचा, ‘साबण किती घालू?’ आणि उत्तर ऐकायच्या आधी दुप्पट घालायचा. जास्त साबणानं कपडे जास्त स्वच्छ होतात, ही समजूत काढून टाकण्यात माझी निम्मी नोकरी गेली. जास्तीचा साबण कपड्यात बसून राहतो आणि मळ धरून ठेवतो. हे मी इंग्रजीत, मराठीत, हिंदीत आणि हातवारे करून स्पॅनिशमध्येही सांगितलं आहे. कुणी ऐकलं नाही.

लोकांना वाटतं की धुणाऱ्याचा खरा शत्रू म्हणजे तेल, नाहीतर रक्त. समुद्राकाठी तसं नाही, तिथला शत्रू सनस्क्रीन. पांढऱ्या टी-शर्टच्या गळ्याला ते लागतं तेव्हा दिसतही नाही. मग तो शर्ट पाण्यात पडतो. आमच्या भागातल्या पाण्यात लोह आहे. सनस्क्रीनमधलं एक रसायन त्या लोहाला धरतं आणि गळ्याभोवती गंजासारखा नारिंगी डाग उठतो. माणूस घाबरून ब्लीच ओततो. ब्लीचनं तो डाग आणखी पक्का होतो, म्हणून तो आणखी ब्लीच ओततो. असा शर्ट माझ्याकडे आला की मी सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी लावायची, अर्धा तास ठेवायची, नीट खळबळून काढायची आणि पांढराशुभ्र शर्ट मालकाच्या हातात द्यायची. टेक्सासच्या एका बाईनं तर मला मिठीच मारली. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला मला कुणी मिठी मारली नव्हती.

आपल्या लोकांचे डाग वेगळे. व्हिलात स्वयंपाकघर मिळालं की आपली माणसं दुसऱ्याच दिवशी वरण-भात लावतात. एकदा एक नवी नवरी रिसॉर्टचा पांढरा टॉवेल घेऊन धावत आली. हळदीचा हात पुसला होता, तो डाग तिनं साबणानं घासला आणि डाग लालभडक झाला. ‘मावशी, त्यांना वाटेल इथे कुणाचा तरी मर्डर झालाय!’ ती रडायच्या बेतात होती. मी तिला म्हटलं, अगं, हळदीला क्षार लागला की ती लाल होते, आपलं कुंकू असंच तर करतात. तो टॉवेल धुऊन मी मागच्या कुंपणावर उन्हात टाकला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. संध्याकाळी टॉवेल कोरा झाला होता. कुंपणावर कपडे वाळत घालायला आमच्याकडे सक्त मनाई होती, हे जाता जाता सांगून टाकते.

या मनाईवरूनच माझी नि मॅनेजर डेबीची वर्षातून दहादा तरी जुंपायची. आपल्याकडच्या जुन्या माणसांना अंघोळ करता करता अंगावरचे कपडे धुऊन टाकायची सवय असते. ती सवय विमानात बसून त्यांच्याबरोबर येते. मग बाथटबमध्ये धुणं, आणि बाल्कनीच्या कठड्यावर ओळीनं बनियन, लेंगे, परकर. डेबी फोन करायची, ‘शुभा, युअर पीपल आर डुइंग इट अगेन.’ मी म्हणायची, ‘डेबी, माझी माणसं सूर्य वापरतात. तो फुकट आहे.’ पण वर जाऊन आजीला समजावून कपडे खाली घेऊन यायचं काम माझंच. आजी म्हणायच्या, ‘अगं, पण त्या मशीनमध्ये आधी कुणाचं काय धुतलं असेल!’ मग मी त्यांच्यासमोर रिकामं मशीन एकदा गरम पाण्यानं फिरवायची. तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं. माझा पंचवीस मिनिटांचा वेळ जायचा, पण आजी पुढचे तीन आठवडे मला लाडू आणून द्यायच्या.

क्युपर्टिनोहून आलेल्या एका पोरानं तर दोन दिवस बसून कुठलं मशीन कधी रिकामं होईल त्याचा तक्ता केला. ‘मावशी, चार नंबरचं मशीन सहा मिनिटं स्लो आहे, यार, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?’ माझ्या लक्षात आलेलं होतं. चार नंबर मी मुद्दाम म्हाताऱ्यांना द्यायची, म्हणजे त्यांना सहा मिनिटं जास्त बसायला मिळायचं.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून वाईट झाली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एडिसन गावचं आपलं एक जोडपं महिनाभर आलं होतं, बरोबर दोन लहान मुलं. नवरा हसतमुख, पण सारखा फोन घेऊन कोपऱ्यात जायचा. एकदा त्यांचे कपडे मशीनमधून काढताना तळाशी एक घडी केलेला कागद सापडला. ओला होता, पण छापील होता. मला वाटलं महत्त्वाचा असेल. मी तो हलक्या हातानं उलगडला, दोन पंच्यांच्या मध्ये ठेवून इस्त्रीनं वाळवला आणि बायको कपडे न्यायला आली तेव्हा मोठ्या अभिमानानं तिच्या हातात दिला. मी तो वाचला नव्हता, हे देवाशप्पथ खरं. तिनं तिथंच उभं राहून वाचला. नवऱ्याला नोकरीवरून काढल्याचं पत्र होतं ते, आणि तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात, नाहीतर देश सोडायचा. त्यातले एकवीस दिवस तो बायकोला काही न सांगता मुलांना वाळूचे किल्ले करून देत होता. ती कागद घेऊन निघून गेली. कपड्यांची टोपली तिथंच टेबलावर राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

त्यानं तिला कधी सांगायचं, हे ठरवायचा हक्क त्याचा होता. तो मी एका इस्त्रीत काढून घेतला. मला अजून त्याचं वाईट वाटतं. त्या दिवसापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला. ज्याच्या खिशातलं त्याच्याच हातात, आणि धुताना जे कळलं ते पाण्याबरोबर जाऊ द्यायचं. धुणारीला सगळं कळतं हो. कोण आजारी आहे, कोण वेगळं झोपतं, कुणाला दिवस गेलेत, कोण चोरून सिगारेट ओढतं. ते कळून न कळल्यासारखं वागणं हा या धंद्यातला अर्धा भाग आहे.

आता कदमकाकांविषयी. नाव बदललं आहे.

तीन उन्हाळ्यांपूर्वी कॅरीचं एक कुटुंब चार आठवड्यांसाठी आलं. समीर चाळिशीतला, सॉफ्टवेअरमध्ये. बायको रेवती, नऊ वर्षांची इरा, आणि समीरचे वडील, कराडचे कदमकाका. काका एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. दीड वर्षापूर्वी काकू गेल्या होत्या, आणि वडिलांनी आता इथेच कायमचं राहावं म्हणून समीर मागे लागला होता. ही सुट्टी त्याचसाठी होती, की आबांचं मन रमावं.

पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता काका एकटे आले. अकराला सगळे तलावावर नाहीतर समुद्रावर असतात, लाँड्री रिकामी असते. पांढरा लेंगा, इस्त्रीचा शर्ट, काखेत रिसॉर्टची चादर. म्हणाले, ‘चहा सांडला.’

मी चादर हातात घेतली. बाथटबमध्ये अर्धवट धुतलेली होती. तो चहा नव्हता हे मला उलगडायच्या आधीच वासावरून कळलं. मी म्हटलं, ‘काही बिघडलं नाही काका. आधी थंड पाण्यात फिरवू. चहाला गरम पाणी लागलं की डाग बसतो.’

मंगळवारी ते आले तेव्हा ताक सांडलं होतं. बुधवारी त्यांनी काहीच सांगितलं नाही, चादर टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळानं मशीनच्या गोल काचेकडे बघत म्हणाले, ‘ताई, तुम्ही रिन्सला व्हिनेगर घातलंत. म्हणजे अमोनियाचा बंदोबस्त.’

‘हो.’

‘आणि आधी एन्झाइमचा साबण.’

‘हो काका.’

‘बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘मीही असंच केलं असतं.’

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर रोज अकराला ते यायचे आणि आम्ही केमिस्ट्री बोलायचो. उसाच्या रसात चुना किती घालतात, साखर पांढरी कशी होते, पाण्यातलं लोह कसं मोजायचं. चादर वाळली की एक बाजू ते धरायचे, एक मी. ती मोठ्या पलंगाची चादर, एकट्यानं तिची घडी होत नाही. टोकाला टोक जुळवून काटेकोर घडी घालायचे आणि ती काखेत धरून मागच्या जिन्यानं वर जायचे.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन सांगितलं. काकू गेल्यापासून असं व्हायला लागलं, आधी कधीमधी, आता जवळजवळ रोज. झोपेत कळत नाही. समीरच्या घरी खोलीत जाड गालिचा, पलंगावर पांढरी चादर, आणि रविवारी सून सगळ्यांचे कपडे धुते. म्हणून ते दार लावून चादर टबमध्ये धुवायचे आणि हेअर ड्रायरनं वाळवायचे.

‘अख्खी चादर हेअर ड्रायरनं?’ मी विचारलं.

‘तीन तास लागतात,’ ते म्हणाले. ‘समीरला वाटतं, म्हातारा दिवसभर दार लावून बसतो. वाटू दे.’

मी म्हटलं, ‘काका, डॉक्टरला दाखवलंत? तुमच्या वयाच्या पुष्कळ पुरुषांना प्रोस्टेटमुळे होतं. गोळ्या असतात त्याला.’

‘डॉक्टरकडे नेणार कोण? समीरच ना. आणि आत बसून माझं इंग्लिश त्याला समजावून सांगणार.’ त्यांनी मान हलवली. ‘त्यापेक्षा मी त्याला तिकीट अलीकडे आणायला सांगितलंय. इथून कॅरीला गेलो की चार दिवसांत मुंबईचं विमान. माझी चादर सुनेनं धुवायची? नातीनं विचारायचं, आजोबांच्या रूममध्ये स्मेल कसला? नको. कराडला मी माझा मुखत्यार आहे.’

‘आणि समीरला कारण काय सांगितलंत?’

‘इथे करमत नाही, असं.’

मी त्यांना मागच्या मोठ्या लाँड्रीत नेलं. तिथे आमच्या कामाच्या मुली चादरी निवडत होत्या. गाड्यांतून आलेल्या ढिगातून काही चादरी उचलून त्या वेगळ्या पिवळ्या पिशवीत टाकत होत्या. मी म्हटलं, ‘या पिशवीत काय असतं ओळखा. रोज भरते. या सगळ्या म्हाताऱ्यांच्या नाहीत. लहान मुलांच्या आहेत, जास्त प्यायलेल्या तरुणांच्या आहेत, बाळंतिणींच्या आहेत. तुम्ही झोपता त्या गादीवर चादरीखाली वॉटरप्रूफ खोळ आहे, ती तुमच्यासाठी घातलेली नाही, सगळ्या व्हिलांत आहे. रिसॉर्टवाले काय मूर्ख आहेत का?’ काकांनी पिशवीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, ‘पण या चादरींवर नावं नाहीत ना ताई. घरात चादरीवर नाव असतं.’

समीर आला तो तिसऱ्या आठवड्यात. दुपारी चारच्या सुमाराला, इराचे पोहण्याचे कपडे घेऊन. मशीन लावलं आणि तिथंच रेंगाळला.

‘मावशी, आबा रोज तुमच्याकडे येऊन बसतात ना? काय बोलतात?’

‘साखर कशी करतात ते सांगतात.’

तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. ‘आमच्याशी बोलतच नाहीत हो. बीचवर चला म्हटलं तर गुडघे. पूलला चला म्हटलं तर नको. घरी असले की दार बंद. इरा परवा मला विचारते, डॅड, डझ ही नॉट लाइक अस? मी काय सांगू तिला?’ त्यानं फोन काढून मला विमान कंपनीचं पान दाखवलं. ‘आजच तिकीट प्रीपोन केलं. एकदा गेले की परत येणार नाहीत, मला माहितेय. आई गेली तेव्हा मी पोहोचलो नाही वेळेवर. तो राग असेल. तुम्हाला काही म्हणाले का?’

माझ्या जिभेच्या अगदी टोकावर आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर तो पोरगा मोकळा झाला असता. आईच्या मरणाचं ओझं उगाच डोक्यावर घेऊन बसला होता, आणि खरं कारण एक चादर. पण मला तो एडिसनचा कागद आठवला. ते वाक्य माझं नव्हतं.

मी म्हटलं, ‘मला काही म्हणाले असते तरी मी सांगितलं नसतं रे. पण उद्या अकराला ये. इथं तुझ्या हाताला काम आहे.’

ही चलाखी झाली की चहाडी, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. मी त्या रात्री नवऱ्यालाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका नेहमीसारखे आले. चादर धुऊन झाली, वाळली, मी ड्रायरमधून काढली आणि अजून ती गरम होती तेवढ्यात समीर दारात उभा. त्यानं वडिलांना पाहिलं, चादर पाहिली आणि त्याचा आवाजच चढला.

‘आबा, हे काय? चादर पण? रिसॉर्टची चादर तुम्ही स्वतः धुताय? हाउसकीपिंग आहे इथे! घरी पण तेच, आमचं धुतलेलं चालत नाही, आमचं काहीच चालत नाही तुम्हाला. मावशी, तुम्ही तरी सांगा यांना, चादर धुवायची गरज आहे का?’

काका माझ्याकडे बघत होते. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं नव्हतं, कधी काही मागितलं नव्हतं. पण त्या क्षणी त्यांचे डोळे काय मागत होते ते मला स्वच्छ दिसत होतं.

मी म्हटलं, ‘हाउसकीपिंग करतं. पण काकांना स्वतः करायचं होतं, मी करू दिलं.’ आणि चादरीची दोन टोकं समीरच्या हातात कोंबली. ‘माझा खांदा आज दुखतोय. ही घडी तुम्ही दोघं घाला.’ दुसरी दोन टोकं मी काकांच्या हातात दिली. माझा खांदा ठणठणीत होता. मी मागच्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.

दाराला काच आहे. तीन ड्रायर चालू होते, त्यामुळे ऐकू काही येत नव्हतं, दिसत होतं. दोघांनी चादर ताणली. काकांनी ती हनुवटीपर्यंत उंच धरली होती, त्यामुळे समीरला त्यांचे नुसते डोळे दिसत असतील. पहिली घडी झाली. दोघं दोन पावलं जवळ आले. समीर अजून रागानं बोलत होता. दुसरी घडी झाली. काकांचे ओठ हलले, फार तर चार-पाच शब्द. समीर थांबला. त्यानं हातातल्या कापडाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. आणि त्याच्या हातातली टोकं सुटली.

चादर जमिनीवर पडली. धुतलेलं कापड जमिनीला लागलं म्हणून मी आमच्या मुलींना केवढी बोललेय, त्यांनाच विचारा. त्या दिवशी मी काचेमागून हललेसुद्धा नाही. समीरनं वडिलांना धरलं होतं. म्हणजे धड मिठीही नव्हे, आपल्या लोकांना ती नीट येत नाही, दोन्ही दंड धरून उभा होता आणि मान खाली. काका त्याच्या पाठीवर थापटत होते. सांगायची लाज ज्याला वाटत होती, तोच ऐकणाऱ्याची समजूत काढत होता. मला रडू आलं, आणि मी त्याची लाज बाळगली नाही.

काही वेळानं समीरनं दार वाजवलं. डोळे लाल होते. हातात ती चादर होती.

‘मावशी, ही खाली पडली. परत धुवावी लागेल.’

‘ठेव इथे, मी टाकते.’

‘नाही. मी धुतो.’ त्यानं चादर सोडली नाही. ‘मला शिकायचंय. घरी लागेल.’

मी पुढे होणार तेवढ्यात काका खुर्चीतून उठले. अठरा वर्षांत माझ्या लाँड्रीत मला कुणी बाजूला सारलं नव्हतं, त्यांनी सारलं. मशीनपाशी जाऊन उभे राहिले, पाठ ताठ, आवाज कारखान्यातला. ‘ताईंना कशाला विचारतोस? मला विचार. आधी थंड पाणी. गरम नंतर. हा साबण नाही, तो डावीकडचा. त्यात एन्झाइम आहे. शेवटी अर्धी वाटी व्हिनेगर.’

समीर मुकाट्यानं सांगितलं तसं करत होता. साबणाची बाटली उघडताना त्यानं न बघताच विचारलं, ‘आबा, तिकिटाचं काय करू?’

‘कॅन्सल कर,’ काका म्हणाले. ‘आणि साबण कमी घाल.’